पाचशेच्या आत

मी पडले तेव्हा फळ्यावर हृदयाचं चित्र अर्धं काढून झालं होतं. खडू हातातून निसटला म्हणून वाकले, तो उचलला, सरळ उभी राहिले, आणि कूलरचा आवाज एकदम लांब गेला, कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा. पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होते आणि माझे पाय दोन दप्तरांवर ठेवलेले होते. पाचवी ब चे चौतीस चेहरे भिंतीला टेकून उभे होते. मधोमध सृष्टी कास्देकर हात पसरून सगळ्यांना थोपवत होती.

"पुढं यायचं नाही. हवा येऊ द्या."

"पाणी पाजू का?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाणी नाही! पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय पाणी नाही. मॅडमनंच शिकवलंय."

"आल्या की शुद्धीवर. डोळे उघडले ना."

"आधी नाव विचारायचं असतं." सृष्टी माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमचं नाव काय?"

"चारुशीला विलास इंगोले," मी म्हणाले.

"बरोबर," ती म्हणाली, आणि मगच तिनं पसरलेले हात खाली घेतले.

आपण शिकवलेलं कुणाच्या लक्षात राहतं का, हा प्रश्न मला तीस वर्षं पडत आला होता. त्याचं उत्तर मिळालं, पण ते असं मिळायला नको होतं.

दहा मिनिटांच्या आत माझे यजमान शाळेत पोचले. त्यांना कुणी फोन केला नव्हता, फोन करायची गरजच नव्हती. माझ्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली, रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली असते आणि ती त्यांच्या मोबाइलशी बोलत असते. ते वर्गात धावत आले, घामानं निथळत होते. त्यांनी आधी मोबाइलकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"पाचशे सहा," ते म्हणाले.

*

हा आकडा कशाचा, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तीन झाल्या, चार झाल्या, सात झाल्या. गॅस माझ्यापासून दोन हातांवर होता. बंद करायला हवा हे मला कळत होतं, फक्त उठवत नव्हतं. दुःख म्हणावं तर तसं काही घडलेलं नव्हतं. मुलगी नांदेडला सुखात होती, घर होतं, नोकरी होती. भाताचा कोळसा झाला तेव्हा यजमान अंगणातून आले आणि त्यांनी गॅस बंद केला. "झोप लागली होती का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्याला नैराश्य म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मुलांना मी आरोग्याचा तो धडा शिकवलेलाही होता. अमरावतीच्या डॉ. जुवेरिया शेख यांनी एक औषध दिलं, त्यानं काही झालं नाही. दुसरं दिलं, त्यानं नुसती झोप वाढली. तिसरी ही नवी, फिकट निळी गोळी. तिनं मला आनंद दिला असं मी म्हणणार नाही. पण एका सकाळी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी उठून गॅस बंद केला. बंद केल्यावर मला कळलं की आपण उठलो. तेवढंच. ज्याला हे रोज जमतं त्याला त्याची किंमत कळणार नाही.

गोळीला एक खोड होती. ती हृदयाची वीज जराशी लांबवायची.

मुलांना मी हे खो-खोवरून सांगते. हृदय म्हणजे लाखो पेशींची रांग. पहिली पेशी उठते, पुढचीला खो देते, ती तिच्या पुढचीला. सगळ्या उठतात तेव्हा हृदय आवळतं आणि रक्त ढकलतं. मग प्रत्येकीला परत आपल्या जागी बसावं लागतं, कारण पुढचा खो येणार असतो. उठण्यापासून पुन्हा सगळ्या बसेपर्यंतचा वेळ मोजता येतो. सेकंदाचे हजार भाग केले तर निरोगी बाईच्या हृदयात साधारण साडेचारशेच्या आतबाहेर. काही औषधांमुळे पेशी बसायला वेळ लावतात. पाचशेच्या पुढं गेलं की धोका. काही बसलेल्या, काही अजून उभ्या, आणि तेवढ्यात खो आला तर रांगेत गोंधळ उडतो. हृदय आवळण्याऐवजी नुसतं थरथरतं. मेंदूला रक्त पोचत नाही. माणूस पडतो. गोंधळ आपोआप निवळला तर माणूस डोळे उघडतो. निवळला नाही तर उघडत नाही.

पूर्वी अशा औषधांवरच्या माणसाला मधूनमधून दवाखान्यात जाऊन हृदयाचा आलेख काढावा लागे. आता 'राखण' आली आहे. छातीवरची चकती दिवसभर प्रत्येक ठोका मोजते. घरातली गोळ्यांची डबी तिच्याशी जोडलेली असते. रोज सकाळी सहाला डबी तो आकडा पाहते. चारशे ऐंशीच्या आत असेल तर हिरवा दिवा आणि पूर्ण गोळी. त्याच्या वर पिवळा दिवा आणि अर्धी. पाचशेच्या वर लाल दिवा. मग डबी उघडत नाही. राखणीनं पुष्कळ जीव वाचवले आहेत आणि मी तिच्याविरुद्ध काही सांगायला बसलेली नाही.

पण घरात एक आकडा आला, की माणसं आकड्याशी बोलू लागतात.

माझे यजमान वीज मंडळात लाइनमन होते. उभा जन्म मीटरचे आकडे वाचण्यात गेलेला. निवृत्त झाले आणि त्यांना माझा मीटर मिळाला. सकाळी मी डोळे उघडायच्या आत त्यांनी मोबाइल पाहिलेला असायचा.

"चारशे त्रेसष्ट. मस्त आहे आज तू."

"मला मस्त वाटत नाहीये."

"वाटत नसंन. पण आहेस."

भांडण व्हायला लागलं की ते मोबाइल वर धरायचे. "पाह्य, चारशे एकाहत्तर झाले. गप्प बस आता, बाप्पा, माह्यासाठी नाही तर याच्यासाठी." मी हसायचे. नंतर नंतर हसू येईना. माझा चेहरा पाहून 'काय झालं?' असं त्यांनी शेवटचं कधी विचारलं होतं, ते मला आठवेना. त्यांचं प्रेम कमी झालं नव्हतं. फक्त ते पाहायची जागा बदलली होती.

आणि आकडा सांभाळायला ते वाट्टेल ते करायचे. चहा हृदयाला वाईट, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि फेब्रुवारीपासून माझा चहा बंद झाला. त्याऐवजी सकाळी पाचला उठून ते मला थर्मास भरून काढा करून द्यायचे. शाळेत मी तोच घोट घोट प्यायचे. इतकं करणारा नवरा कुणाला मिळतो, असं बायका म्हणायच्या. खरंच म्हणायच्या.

*

अचलपूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली आणि समोरच्या पडद्यावर नजर टाकली. तिथं राखणीचा अहवाल आमच्या आधी पोचलेला होता.

"सहा सेकंद ठोके विस्कळीत झाले होते," ते म्हणाले. "कारण औषध. तसं लिहूनच आलंय. अमरावतीच्या डॉक्टरांना गेलंय सगळं."

"रक्त वगैरे तपासायचं का?" मी विचारलं.

"कारण सापडलंय ना मॅडम. मग कशाला उगाच सुई?"

मला बरं वाटलं. दमलेल्या माणसाला सुई टळल्याचंही बरं वाटतं.

संध्याकाळी डॉ. जुवेरिया पडद्यावर आल्या. त्या तरुण आहेत, पण ऐकताना मान तिरपी करतात. मला ते आवडतं.

"इंगोले मॅडम, गोळी अर्धी करतेय. आकडा खाली यायला हवा. आला नाही तर बंद करावी लागेल."

"बंद केल्यावर?"

"दुसरं काही शोधू. दोन औषधांनी गुण आला नाही, हे माझ्या लक्षात आहे. खोटं सांगत नाही तुम्हाला, शोधायला वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी आमचे मुख्याध्यापक पोटे सर घरी आले. खुर्चीच्या अगदी टोकाला बसले.

"नियम आहे मॅडम. पिवळा दिवा असेल तोवर एकटीनं वर्ग घेता येत नाही. आणि दुसरं माणूस मी आणू कुठून? तुमच्या वर्गावर सध्या पडद्यावरचा पाठ लावतो."

"पोरं पाहतात तो?"

"पाहतात ना." सर पायातल्या चपलेकडे पाहू लागले. "म्हणजे, पडद्याकडे तोंड करून बसतात."

*

अर्ध्या गोळीवर तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसू लागला. औषध कमी करताना असं होतं, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. यजमान म्हणाले, "लूज कनेक्शन असलं की असंच चटचट करते." त्यांना तेवढाच विनोद सुचला आणि मला तेवढंही हसू फुटलं नाही.

मग हळूहळू ते परत आलं. ते येताना वाजत नाही. आधी वेणी घालायची राहते. मग अंघोळ दुपारवर जाते. मग मुलीचा फोन वाजत असतो आणि आपण त्याच्याकडे पाहत असतो. मी खाटेवर पडून पंख्याची पाती मोजत होते. तीनच असतात, तरी पुन्हा मोजत होते.

आणि सकाळचा आकडा मात्र खाली येत नव्हता. चारशे चौऱ्याण्णव. चारशे अठ्ठ्याण्णव. आठव्या दिवशी पाचशे नऊ.

डबीचा दिवा लाल झाला. डबी उघडलीच नाही. तिच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली: औषध थांबवले आहे. तज्ज्ञांच्या परवानगीशिवाय पुन्हा सुरू होणार नाही.

यजमान घाबरून गेले. त्यांनी थर्मासातला काढा आणखी दाट केला आणि संध्याकाळीही द्यायला लागले. मी काही न बोलता प्यायचे. नको म्हणायलाही जोर लागतो.

औषध बंद होऊन पाच दिवस झाले त्या दिवशी आकडा होता पाचशे चौदा.

यजमान खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मोबाइल त्यांच्या हातात होता, पण ते त्याच्याकडे पाहत नव्हते, भिंतीकडे पाहत होते. खांबावर चढायच्या आधी माणूस जसा वर पाहतो, तसे.

"चारू, हे काही बरोबर नाही."

"मला झोपू द्या."

"झोप. पण ऐक. आम्ही लाइन बंद करतो, बरोबर? फ्यूज काढून घेतो. तरी वर चढायच्या आधी टेस्टर लावतो. काऊन लावतो?"

मी भिंतीकडे कूस वळवली.

"कारण फ्यूज काढला तरी तारेत करंट असू शकते. गावातल्या कोण्या दुकानदारानं जनरेटर उलटा जोडलेला असते, त्याचा करंट मागून आपल्या तारेत येते. त्याच्यानंच माणसं मरतात आमची. आपण म्हणतो लाइन बंद आहे, आणि ती मागून चालू असते." ते खाटेवर टेकले. "गोळी बंद होऊन पाच दिवस झाले आणि आकडा वाढूनच राहिला. म्हणजे गोळीचा नाही हा करंट. मागून कुठून तरी येऊन राहिला."

"राखण म्हणते गोळीमुळेच."

"राखण तारेच्या या टोकावर बसली आहे. तिले हेच टोक दिसते."

अशा वेळी लाइनमन काय करतात, ते त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं. उपकेंद्रापासून पायी निघायचं आणि एकही खांब न सोडता प्रत्येक खांबाखाली थांबून वर पाहायचं. हा खांब चांगला असेल, असं मनाशी धरून पुढं जायचं नाही. त्यांनी एक कोरी वही घेतली आणि माझ्या तोंडात फेब्रुवारीपासून जे जे गेलं ते लिहायला बसले. आकडा फेब्रुवारीपासून चढत होता, म्हणून फेब्रुवारी. आधी मी वैतागले. मग वैतागायचाही कंटाळा आला आणि उत्तरं देत गेले.

"डोकेदुखीची गोळी?"

"एकदा. संक्रांतीला. ती जानेवारीत."

"पित्ताची?"

"नाही."

"माहेरून काही आलं? चूर्ण, चाटण?"

"नाही हो."

"शाळेत काय खातेस?"

"डबा. तुम्हीच भरता."

"चघळत काय असतेस दिवसभर?"

"ज्येष्ठमध. ते काय नवीन आहे? सगळेच मास्तर चघळतात."

हे खरं होतं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ज्येष्ठमधाच्या कांड्यांची बरणी असते, जशी दुसरीकडे बडीशेपेची असते. कूलरचा घोंघाट आणि चौतीस मुलं, यांच्यावर आवाज काढायचा तर घसा हवा. आता उन्हाळा फेब्रुवारीतच लागतो, कूलरही तेव्हाच लागतात, आणि बरणी तेव्हापासून आठवड्याला रिकामी होते. राखणीच्या फॉर्मवर 'इतर औषधे' असा रकाना होता. मी त्यात 'काही नाही' लिहिलं होतं. ज्येष्ठमधाला औषध कोण म्हणतं?

त्यांनी वहीत लिहिलं, ज्येष्ठमध. मग पेन थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काढा," ते म्हणाले. "तुह्या थर्मासातला काढा. त्यात दुसरं काहीच नसते, चारू. चहापेक्षा थंड, घशाले बरा, हृदयाले बरा, असं वाचलं होतं मी. मूठभर ज्येष्ठमध उकळतो रोज. आकडा वाढला की दोन मुठी."

*

डॉ. जुवेरियांनी ऐकलं आणि त्यांची मान तिरपी झाली ती तशीच राहिली.

"आजच्या आज रक्त द्या," त्या म्हणाल्या. "पोटॅशियम."

संध्याकाळी उत्तर आलं. साडेतीनच्या वर हवं ते दोन पूर्णांक आठ होतं.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. खो मिळाल्यावर उठलेली पेशी परत खाली बसते ती पोटॅशियमच्या जोरावर. पेशीला बारीक दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर पडलं की ती शांत होते. निळी गोळी त्यांतलं एक दार जरा जाम करते. दुसरी दारं काम सांभाळून घेतात, म्हणून एरवी निभतं. ज्येष्ठमधाचं काम वेगळं. जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर ते मूत्रपिंडांना फसवतं आणि अंगातलं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर जाऊ लागतं. रक्तात ते कमी झालं की उरलेली दारंही आळसावतात. गोळी एकटी मला पाडू शकली नसती. तिच्या पाठीशी रोज सकाळी पाचला उठून उकळलेला काढा होता.

"चूक माझी आहे," डॉ. जुवेरिया म्हणाल्या. "रक्त पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं. अहवालात कारण लिहून आलं आणि मी ते वाचलं. शोधलं नाही."

यजमान पडद्यासमोर बसलेच नाहीत. ते दाराआड उभे राहून ऐकत होते.

त्यांना दोन दिवस अचलपूरच्या दवाखान्यात माझ्या उशाशी बसावं लागणार होतं, कारण पोटॅशियम सलाइनमधून सावकाश द्यावं लागतं. ते दोन्ही दिवस बसले. मोबाइल उलटा ठेवला होता. ज्येष्ठमधाचा अंमल उतरायला दोन आठवडे लागले आणि आकडा एकेक पायरी उतरला. चारशे नव्वद. चारशे अठ्ठ्याहत्तर. चारशे एकोणपन्नास.

हृदय सावरलं होतं. मी नव्हते सावरले. पोटॅशियमनं वेणी घालता येत नाही.

राखणीच्या दफ्तरात मात्र नोंद होऊन बसली होती: या रुग्णास हे औषध अपायकारक, कायम प्रतिबंध. ज्येष्ठमध घालायला तिच्या यादीत जागाच नव्हती. डॉ. जुवेरियांनी वर भांडून एक फॉर्म आणला. रुग्णानं धोका समजून घेऊन सही केली, तर डबी पुन्हा उघडेल.

"धोका किती?" मी विचारलं.

"ज्येष्ठमध नसताना तुमचा आकडा गोळीवर चारशे सत्तरच्या आसपास होता. तेवढाच राहील असं वाटतं. पण शून्य धोका नाही. जुलाब झाले, उलट्या झाल्या, उन्हात फार घाम गेला, तर पोटॅशियम घटू शकतं. अशा दिवशी गोळी घ्यायची नाही, मला कळवायचं. आणि मॅडम, सुरू केल्यावर पहिले तीन आठवडे काही फरक वाटणार नाही. तेवढा धीर धरावा लागेल."

फॉर्म जेवणाच्या टेबलावर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी यजमान पहिल्यांदा नीट बोलले.

"नको घेऊ, चारू."

"का?"

"का म्हणजे? तू वर्गात पडली होतीस. सहा सेकंदांचे साठ झाले असते तर? माह्या हातानं झालं असतं. मी रोज पाजलं तुले. मले वाटे मी वाचवून राहिलो." ते रागावले, जसे पुरुष रडायच्या ऐवजी रागावतात. "गोळी नाही घेतली तर मरशील का? नाही ना? पडून राहा घरी. मी करतो सगळं. भाकरी टाकतो, धुणं धुतो. फक्त जिवंत राहा."

"हे जिवंत आहे का?"

त्यांनी फॉर्म हातानं बाजूला सारला.

"मागच्या पंधरा दिवसांत मी काय केलं, सांगा," मी म्हणाले. आवाज चढवायचं बळ नव्हतं, म्हणून हळूच म्हणाले. "पंख्याची पाती मोजली. तुमच्या मोबाइलवर आकडा चारशे एकोणपन्नास आहे. इतका चांगला आकडा लग्नाच्या वेळीही नसेल. आणि काल तुम्ही भाजी घेऊन आलात तेव्हा मला वाटत होतं की रस्त्यात तुमचं काही झालं असतं, तरी मला रडायलाही उठवलं नसतं. हे कुठल्या मीटरवर येतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी, मध्ये काही न धरता.

"पडायची भीती मलाही आहे," मी म्हणाले. "वर्गात, पोरांसमोर, फार आहे. पण न पडण्यासाठी कायमचं झोपून राहायचं, हे मला पटत नाही. मी सही करणार आहे."

"कर," ते म्हणाले. "माही सही लागते का?"

"नाही. पण एक करा. आकडा डॉक्टरांकडे जाऊ द्या, डबीकडे जाऊ द्या. तुमच्या मोबाइलवरून काढून टाका."

"मग मले कसं कळंन?"

"मला विचारा."

"आणि तू खरं नाही सांगितलं तर?"

त्या दिवशी कुकर जळाला तेव्हा मी झोप लागली म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरं नव्हतं हे त्यांना आता ठाऊक होतं. त्यांनी चष्मा लावला, मोबाइलवर बराच वेळ बोटं फिरवली. एकदा थांबले. मग पुन्हा फिरवली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. जिथं आकडा असायचा तिथं आता नुसती घड्याळाची वेळ होती.

*

गोळी सुरू होऊन सहा दिवस झाले होते. डबीला हिरवा दिवा होता. फरक काहीच नव्हता, आणि तो असणार नाही हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असण्याचा अशा सकाळी काही उपयोग होत नाही. पोटे सरांनी सोमवारपासून वर्गावर या म्हणून सांगितलं होतं. आज सोमवार होता. खिडकीत उजेड आला होता. मी खाटेच्या काठावर पाय सोडून बसले होते आणि तिथंच थांबले होते.

यजमान आत आले. हात पुसत उभे राहिले. त्यांना काय करावं कळत नव्हतं, हे दिसत होतं. राखण आल्यापासून हा प्रश्न त्यांच्या तोंडून आलाच नव्हता आणि आता तो त्यांना परक्या घराची कडी वाजवल्यासारखा वाटत होता.

"कसं वाटते?" त्यांनी विचारलं.

'ठीक' हा शब्द तोंडात तयार होता.

"उठवत नाही," मी म्हणाले.

"चक्कर?"

"नाही. नुसतंच उठवत नाही."

त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. ते माझ्या शेजारी येऊन बसले. खाट करकरली.

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं ना," ते म्हणाले, "उभं राहायच्या आधी काठावर बसून दहा मोजायचे."

"ते चक्कर येऊ नये म्हणून."

"असंन. मोजू का?"

मी मान हलवली. त्यांनी माझा हात त्यांच्या मांडीवर घेतला आणि मोजलं, खांबावरच्या माणसाला खालून ओरडून सांगावं तसं, एकेक आकडा वेगळा. दहा झाले. मी उठले नाही.

रस्त्यावरून मुलं शाळेकडे जात होती. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. यजमानांनी घाई केली नाही, विचारलंही नाही.

"पुन्हा?" थोड्या वेळानं ते म्हणाले.

"पुन्हा."

"यावेळी सावकाश मोजतो," ते म्हणाले, आणि त्यांनी एकपासून सुरुवात केली.